विषय क्रमांक सात

गडचिरोली जिल्ह्यात वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठरवून देणारा जो कोणी माणूस असेल, त्याच्या धैर्याला माझा नमस्कार. जिल्ह्याच्या साधारण सत्तर टक्के भूभागावर जंगल आहे. उरलेल्या तीस टक्क्यांत वैनगंगा, तिला मिळणाऱ्या नद्या, तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या, रस्ते, कचेऱ्या आणि आम्ही. आमच्या कुरखेडा तालुक्यात तर घराचा मागचा दरवाजा उघडला की वनविभागाची हद्द लागते, अशी गावं आहेत. या लोकांना झाडाचं महत्त्व पटवून द्यायला मोठ्या आवाजाचा लाऊडस्पीकर लागतो आणि तो दरवर्षी येतो.

राज्याने २०१६ साली दोन कोटी झाडं लावायची ठरवली. २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी, २०१९ साली तेहतीस कोटी. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, त्यामुळे आकडा आमच्याकडे जरा घरचा म्हणूनच आला. लावलेल्या झाडांचं मला ठाऊक नाही, पण उद्दिष्टाची वाढ फार जोमदार होती. त्याला ना खत लागलं ना कुंपण.

अडचण एकच होती. जागा. एका गावात (नाव सांगत नाही, मला तिथे अजून जेवायला जायचं असतं) सरपंच, ग्रामसेवक आणि वनरक्षक असे तिघे झाड लावायला झाड नसलेली जागा शोधत अख्खी सकाळ फिरले. सापडल्या त्या दोनच. एक पोरांचं क्रिकेटचं मैदान आणि दुसरी मसणवट. पोरांनी बॅटी घेऊन शिष्टमंडळ आणलं. मसणवटीतून कोणाचंच शिष्टमंडळ आलं नाही, म्हणून लागवड तिथे झाली.

रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आली. त्यात गुलमोहर बराच होता. एक म्हातारी हातात रोप धरून निरखत राहिली आणि तिने साहेबांना विचारलं, "हे झाड काय देते जी?"

"फुलं देतं, आजी. लाल."

"भाजी होते का त्याची?"

"नाही."

"तेल?"

"नाही."

"मंग दारू?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. "सावली देतं," ते घाईघाईने म्हणाले. म्हातारीने मान वर केली. वर ऐन होता, धावडा होता, मोह होता. ती काही बोलली नाही. खड्ड्यात रोप ठेवलं आणि मजुरी कुठे मिळते ते विचारलं.

पुढे राज्यानेच जरा खोल विचार केला. पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' आला आणि २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं. पहिल्या वर्षी त्यात ६८६ स्थानिक स्वराज्य संस्था होत्या. मग हळूहळू गावोगावच्या ग्रामपंचायती आत आल्या. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशी पाच खाती, आणि प्रत्येकात गुण. पंचमहाभूतांची उपासना आपल्याकडे फार जुनी. त्यांचा निकाल लावण्याची कल्पना मात्र मंत्रालयातलीच. भूमीत झाडं आणि कचरा, जलात पाण्याची साठवण, अग्नीत वीजबचत आणि सौरऊर्जा, वायूत हवा. जे कुठेच बसत नाही ते आकाशात. म्हणजे जनजागृती, भिंतीवरच्या घोषणा, शपथा आणि पुढाऱ्यांची भाषणं. भाषणांसाठी खातं अगदी नेमकं निवडलंय.

या सगळ्याचं ओझं ज्याच्या खांद्यावर पडतं त्याला आपण वर्षानुवर्षं ग्रामसेवक म्हणायचो; आता शासनाने त्याला ग्रामपंचायत अधिकारी केलंय. हुद्दा वाढला, गावं तीच, मोटारसायकल तीच. आमच्या ओळखीचा एक अधिकारी वायूपाशी अडकला होता. हवा मुळातच बरी आहे, तर ती सुधारली असं दाखवायचं कुठून? एका सदस्याने तोडगा काढला की यंदा वर्षभर हवा बिघडवू आणि पुढच्या साली सुधारू. दुसरा म्हणाला, बिघडवायला आपल्याला काय जमतंय, त्याला चंद्रपूर लागतं. तिथलं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. आमच्या गावाने रस्त्यावरचे दिवे एलईडी करून वर्षभरात वाचवलेली वीज तिकडच्या किती मिनिटांची होते, याचं गणित मी मांडलं नाही. सरपंचांनी त्या दिव्यांसमोर हार घालून घेतला होता.

हरित शपथेचा कार्यक्रम मात्र पाहण्यासारखा. शाळेच्या पटांगणात सगळे रांगेत उभे. उजवा हात समोर. "मी अशी शपथ घेतो की," इथपर्यंत आवाज एकदम दणदणीत, मग निसर्गाचे शब्द अवघड होत जातात तशी पुटपुट. माझं लक्ष डाव्या हातांकडे होतं. आमच्याकडच्या माणसाचा डावा हात रिकामा नसतो, त्यात खर्रा असतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, हे सगळं पातळ पारदर्शक पन्नीत गुंडाळलेलं. ती पन्नी तळहाताच्या चढाला दाबून घोटायची, घोटायची, इतकी की आतला ऐवज गरम होतो. राज्यात प्लास्टिकबंदी आली २०१८ साली. खर्ऱ्याच्या पन्नीला ती बातमी अजून कळायची आहे. तर उजवा हात वसुंधरेला वचन देत होता, डावा हात घोटत होता, आणि शपथ संपल्याबरोबर पटांगणात पन्न्या इतक्या तालात सुटल्या की बँडपथकाला जमणार नाही. मास्तरांनी पोरांना लगेच स्वच्छता मोहिमेला लावलं. एकाच कार्यक्रमात आकाशाचे गुणही मिळाले आणि भूमीचेही.

जलाचा प्रश्न आमच्याकडे खरं म्हणजे दोन-तीनशे वर्षांपूर्वी सुटला होता. गोंड राजांच्या काळापासून पूर्व विदर्भात तलाव बांधले गेले. कोहळी लोकांची त्यात मोठी कारागिरी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारो आहेत. मालगुजारी गेली आणि कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, थोडक्यात मामा तलाव. मामा सगळ्यांचा असतो, त्यामुळे त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणाचाच नसतो. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेचा. त्याहून मोठा पाटबंधारे खात्याचा. मासे मच्छीमार सोसायटीचे. पाळीवरची झाडं कोणाची, यावर वनविभागाचं काही म्हणणं असू शकतं. तळातला गाळ न्यायचा तर महसूल खात्याला विचारा. पोटातली जमीन उन्हाळ्यात उघडी पडली की ज्याने पहिल्यांदा नांगर घातला त्याची. डास तेवढे निर्विवादपणे ग्रामपंचायतीचे.

एवढी खाती असल्यावर पाळ फुटली तर बुजवायची कोणी, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही, तो तत्त्वज्ञानाचा होतो. तरी पाळ बुजते. कशी, ते मी एकदा पाहिलं. रोवणी तोंडावर आली होती, पऱ्हे (धानाची रोपं) तयार होते आणि तुडुमापाशी पाणी झिरपत होतं. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा. तिथे कोणी कधी पाणी सोडायचं यावरून गावात पिढीजात भांडणं असतात. त्या दिवशी दोन भांडखोर घराणी एकाच घमेल्याला हात लावून माती वाहत होती. ग्रामपंचायत अधिकारी मोटारसायकलवर बसल्या बसल्या रोजगार हमीच्या कुठल्या कामात हे बसेल याचा विचार करत होता. त्याने शेवटी कुठे बसवलं, मला विचारू नका. बसवलं एवढं खरं. माणसांना मजुरी मिळाली, बांध्यांना पाणी मिळालं. भांडण नंतर पुन्हा सुरू झालं.

पण खरी करमणूक अग्नीत आहे. अग्नी म्हणजे सौरदिवे, हे राज्याचं म्हणणं. आमच्याकडे अग्नी म्हणजे मार्च-एप्रिलचा वणवा. मोह पहाटे गळतो. पिवळट, रसाळ फुलं पानगळीच्या थरात पडली की दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला आधी पेटवून जागा साफ करायची. पेटवणारी बाई तो विझवूनही जाते. पण वारा कधी कधी तिच्या मागून येतो. मग आग झाडाखालून निघते आणि तीन गावांच्या शिवेपर्यंत जाते. मातीतलं बी जळतं, नवे कोंब जळतात, तेंदूचं पान खराब होतं आणि धूर सगळ्यांचा होतो.

आता ही आग सरकारला कळते कशी, ते ऐका. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचावरून एक उपग्रह जातो. त्याला जंगलात एक गरम ठिपका दिसतो. ती खबर हैदराबादला उतरते. तिथून डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे जाते. तिथे ठिपका कोणत्या राज्याच्या, कोणत्या वनविभागाच्या, कोणत्या बिटात आहे ते काढलं जातं आणि त्या बिटाच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर एसएमएस येतो. विज्ञान म्हणून हे अफाट आहे, मी चेष्टा करत नाही. फक्त शेवटच्या टप्प्यात वनरक्षक ज्या डोंगराआड असतो, तिथे टॉवर नसतो. तो सायंकाळी कुरखेड्याच्या रस्त्याला लागला की खिशात एकदम सहा एसएमएस वाजतात. तोवर मोह वेचणाऱ्या बाईने हिरव्या फांदीने झोडपून आग विझवलेली असते, फुलं टोपल्यात भरलेली असतात आणि घरी जाऊन ती वाळत घातलेली असतात.

"तुमाले कोनी सांगतलं आग लागली मनून?" एका बाईने वनरक्षकाला विचारलं.

"वरून मेसेज आला."

तिने आधी आभाळाकडे पाहिलं आणि मग वनरक्षकाकडे. "मंग वरूनच पानी काहून नाई टाकत?"

यावर उपाय निघाला जाळीचा. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधायची, फुलं जाळीत पडतात, पाला पेटवायची गरजच उरत नाही, फुलाला माती लागत नाही आणि भाव बरा मिळतो. कल्पना इतकी चांगली की तिच्यात काही गोम निघणार हे उघड होतं. एका गावात पहिल्या वर्षी जाळ्या वाटल्या आणि मोहाच्या झाडाखाली एकही दिसली नाही. शोध घेतला तर दोन वांग्याच्या वाडीभोवती बकऱ्यांसाठी लागल्या होत्या आणि बाकीच्या मामा तलावात. अग्नीचा निधी जलात वर्ग झाला होता. त्यात मासळी चांगली लागली, असं ऐकलं. दुसऱ्या वर्षी बायकांच्या गटाने जाळ्या आपल्या ताब्यात घेतल्या, नावं लिहून दिल्या आणि परत मोजून घेतल्या. तेव्हापासून जाळ्या झाडाखाली आहेत. तलावावरची पुरुष मंडळी थोडी नाराज आहेत.

मोहाचा विषय निघाला की हत्ती येतातच. लेखातही आणि गावातही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि धानोरा, कुरखेडा, कोरची असा फिरू लागला. त्यांना हुसकावून लावणारे जाणकार पश्चिम बंगालमधून आणावे लागले. हत्तीला धान आवडतो आणि वाळवून ठेवलेला मोह त्याहून आवडतो. त्यासाठी तो भिंतीला दार आहे की नाही, हे बघत नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यात एवढ्या उघडपणे मोहाच्या शोधात फिरणारा दुसरा कोणी नाही. पण यात हसण्यासारखं थोडंच आहे. माणसं मेली आहेत, हातातोंडाशी आलेला धान तुडवला गेला आहे, आणि भरपाईचा पंचनामा करायला येणारा माणूस हत्ती किती वाजता आले ते विचारतो.

हे सगळं जिथे एकत्र येतं ती जागा म्हणजे ग्रामसभा. आमचा तालुका पेसाच्या क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा लागू. त्यावर २००६ चा वनहक्क कायदा. शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. दिल्लीचा मंत्री पावतीपुस्तक द्यायला एवढ्या लांब येतो, यावरून ते पुस्तक सोडवायला किती वर्षं लागली असतील याचा अंदाज करावा. त्यानंतर आमच्याकडच्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव आपले आपण करू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, आणि भाव ठेकेदाराच्या तोंडावर मागायचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदू तोडायचंच बंद केलं. फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लागतात आणि शेवटी पानाची होते विडी. त्यापेक्षा आमचा बांबू बरा, असं त्यांनी ठरवलं. आमच्याकडे हे उदाहरण सगळे आदराने सांगतात आणि मे महिन्यात पहाटे चारला तेंदू तोडायला जातात.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मं गाव हजर लागतं आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया. साध्या ग्रामसभेचा कोरम भरला नाही तर ती तहकूब करता येते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही; तेव्हा ग्रामपंचायतीत अनुभवी माणूस पहिल्या सभेला येतच नाही. वनहक्काच्या सभेत ही पळवाट चालत नाही. बोलावून आणावंच लागतं.

मेच्या सुरुवातीची अशी एक सभा. पारा ४५ च्या आसपास, समाजमंदिराचा पत्रा तापलेला, वीज गेलेली. बाया तेंदू तोडून, पुडे बांधून, फळीवर (म्हणजे संकलन केंद्रावर) मोजून आलेल्या. अजून बोटं काळी होती. कार्यक्रमपत्रिकेवर सात विषय. मागचं इतिवृत्त वाचून कायम झालं. कोणी ऐकलं नाही. मग तेंदूचा भाव आणि फळीवरचा मुन्शी कोण, यावर दीड तास गेला. अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या, पान फाटलं, तर नुकसान ठेकेदाराचं की आपलं, हे करारात लिहून घ्या, असं एक तरणी पोरगी बोलली. पूर्वी एप्रिलमध्ये असा पाऊस नव्हता, यावर सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत झालं. हे दुर्मिळ. मग आग राखायच्या पाळ्या ठरल्या: कोणत्या टोल्याच्या कोणत्या घराने कोणत्या दिवशी फिरायचं, आणि जो येणार नाही त्याला दंड. दंड पैशात की कोंबड्यात, यावर मतभेद. जाळ्यांचा हिशेब बायांनी वाचून दाखवला. तलावाच्या तुडुमाला नवीन फळी बसवायची, पैसे पेसाच्या निधीतून. यंदा रोजगार हमीत रोपं लावायची तर गुलमोहर नको. मोह, चार, बेहडा, आवळा पाहिजे, आणि रोपवाटिका गावातच करू, म्हणजे मजुरी गावात राहील. बकऱ्या दोन वर्षं त्या अंगाला न्यायच्या नाहीत. बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) काढून खाणाऱ्यांनी जरा हात आखडावा, असंही कोणी सुचवलं, पण पावसाळ्यात वास्त्याची भाजी सगळ्यांच्याच घरी होते, त्यामुळे तो मुद्दा सभेने विनोद म्हणून घेतला. हत्ती आले तर थाळ्या वाजवत जवळ जायचं नाही, मोबाइलमध्ये शूटिंग करायचं नाही, हे तरुणांना दोनदा सांगावं लागलं.

साडेतीन तास झाले होते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने रुमालाने मान पुसली आणि वाचलं, "विषय क्रमांक सात. वातावरणीय बदलाच्या अनुषंगाने गावस्तरावर करावयाच्या उपाययोजनांबाबत विचारविनिमय करणे."

कोणी काही बोललं नाही.

"याच्यात आपल्याले काई करा लागते का?" गावपाटलांनी विचारलं.

"ठराव करून पंचायत समितीला पाठवायचा आहे. उद्या शेवटची तारीख आहे."

"मंग पाठवा ना बाप्पा."

"पण चर्चा व्हायला पाहिजे. कोणाची काही सूचना?"

मागून एकजण म्हणाला, "आता आमाले काई सुचत नाई जी. सकारपासून बसून रायलो."

"सूचक कोण लिहू?"

"मांगच्या ठरावाचाच लिवा."

"अनुमोदक?"

"त्याचा भाऊ."

अधिकाऱ्याने रजिस्टर गुडघ्यावर घेतलं आणि सवयीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' बाया पदर खोचून उठायला लागल्या होत्या. त्यांच्यातली एक दारात थांबली.

"साहेब, फोटो काढाचा असन तं आत्ताच काढून घ्या. घरी गेलो का मंग आमी येत नाई."